अर्ध्या दिवसाचं टेबल

घरात विज्ञान शाखेचं मूल असलं की प्रॅक्टिकलचे दिवस वेगळे सांगावे लागत नाहीत. वसई-विरारच्या घरांत हे दृश्य नेहमीचं आहे. सकाळी डबा लवकर लागतो, अ‍ॅप्रनवर नवा डाग पडलेला असतो, जर्नलवर सही राहिलेली असते आणि रीडिंग बरोबर आलं नाही म्हणून संध्याकाळी चेहरा उतरलेला असतो. व्याख्यान चुकलं तर कुणाची तरी वही मिळते. प्रयोग चुकला तर तो पुन्हाच करावा लागतो, आणि त्यासाठी टेबल, बर्नर, ब्युरेट आणि सलग तीन तास एकाच वेळी मोकळे मिळावे लागतात. काचेचं सामान विकत आणता येतं. तास आणता येत नाहीत.

विरारहून लोकलने चर्चगेटला उतरलं की थोड्या चालीवर विज्ञान संस्थेची जुनी दगडी इमारत आहे. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या पहिल्या प्राध्यापक डॉ. कमला सोहोनी यांचं निम्मं आयुष्य अशा तासांच्या हिशेबात गेलं. ते त्यांना आधी नाकारले गेले, मग अटींवर मिळाले, मग उसने मिळाले. स्वतःची प्रयोगशाळा हाती आली तेव्हा ते इतरांना वाटून देण्याची पाळी आली.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या, म्हणजे तेव्हाच्या बोलीत टाटा इन्स्टिट्यूटच्या, अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. थोरली बहीण दुर्गा. लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि लेखिका दुर्गा भागवत म्हणून तिला पुढे महाराष्ट्राने ओळखलं. अशा घरातल्या मुलीने रसायनशास्त्र घेणं यात नवल नव्हतं. १९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. रसायनशास्त्र मुख्य, भौतिकशास्त्र दुय्यम आणि गुणवत्ता यादीत वरचं नाव. पुढचं शिक्षण बंगळुरूला, हे घरात जवळपास ठरलेलंच होतं.

त्याच वर्षी सर चंद्रशेखर व्यंकट रामन तिथे संचालक म्हणून आले होते. नोबेल पारितोषिकाला तीन वर्षं झाली होती आणि देशभर त्यांचा दबदबा होता. कमलाचा अर्ज त्यांनी नाकारला. गुणांचा प्रश्न नव्हता. अर्जदार मुलगी होती, एवढंच कारण. नारायणराव लेकीला घेऊन बंगळुरूला गेले, जुना विद्यार्थी म्हणून शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. कमला मात्र जागची हलली नाही. नकाराचं कारण तिने मागितलं आणि प्रवेश मिळेपर्यंत इथेच सत्याग्रह करीन असं सांगितलं. दांडीयात्रेला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. या शब्दाचं वजन रामन यांनाही माहीत होतं.

प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नव्हती; काम पसंत पडलं तरच ते वर्ष मोजलं जाणार होतं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावं लागणार होतं. आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, अशी तिसरी अट होती. म्हणजे कष्टाचा भार दुप्पट, हक्काची खात्री शून्य, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं लक्ष विचलित झालं तर तोही हिशेब हिच्याच नावावर. वैज्ञानिक म्हणून रामन यांच्या उंचीबद्दल वाद नाही. पण ती उंची त्या दिवशी कामी आली नाही. हा अपमान विसरता आला नाही, हे कमलाबाईंनी उतारवयात महिला वैज्ञानिकांपुढे बोलताना लपवलं नाही.

मार्गदर्शक म्हणून लाभले श्रीनिवासय्या. शिस्तीला अत्यंत कडक, पण शिकणाऱ्याला हातचं काही न राखता शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाने दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. बाहेरून हे काम सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रथिनं मोजण्याची त्या काळची सर्वमान्य पद्धत, १८८३ सालची केल्डाल पद्धत, माणसाला दिवसभर टेबलाशी बांधून ठेवणारी आहे. डाळीची पूड तीव्र सल्फ्युरिक आम्लात तासन्तास उकळायची. द्रव नितळ झाला की त्यात अल्कली घालून नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने ऊर्ध्वपातनाने वेगळा करायचा, तो आम्लात धरायचा, टायट्रेशनने मोजायचा आणि आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. एक नमुना एकदा करून भागत नाही. तोच पुन्हा करायचा, शिवाय डाळ न घालता एक कोरा प्रयोगही करायचा. इतकं झाल्यावर मिळतो एक आकडा. जी प्रथिनं वेगवेगळी करून तपासायची आहेत, त्या प्रत्येकासाठी हे सगळं पहिल्यापासून. कडधान्यांच्या प्रथिनांवर काम करायचं तर रात्रीच्या अटीची खरं तर गरज नव्हती. हे काम रात्र आपणहून मागतं.

वर्ष संपलं तेव्हा रामन यांचं समाधान झालं होतं. कमला नियमित विद्यार्थिनी झाली, आणि संस्थेचं दार पुढे इतर मुलींनाही उघडलं. हवामानशास्त्रातल्या कामाने नाव मिळवणाऱ्या अ‍ॅना मणी १९४० मध्ये रामन यांच्याच प्रयोगशाळेत आल्या. १९३६ मध्ये कमलाने बंगळुरूचा प्रबंध मुंबई विद्यापीठाला सादर करून एम.एस्सी. मिळवली. हाफकिन संस्थेत थोडे दिवस काम केलं. मग मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांवर ती १९३७ मध्ये केंब्रिजला पोचली.

तिथे अडचण वेगळीच निघाली. जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, व्हिटॅमिनांच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळवलेले. त्यांच्याकडे काम करायला जगभरातून माणसं येत. कमला पोचली तेव्हा जागा भरलेल्या होत्या. तिच्याबद्दल कुणाचा आक्षेप नव्हता, फक्त टेबल रिकामं नव्हतं. तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपलं टेबल देऊ केलं. दिवसा कमलाने काम करायचं, रात्री त्यांनी. हॉपकिन्स यांनी मान्यता दिली आणि १९३७ च्या डिसेंबरात तिचं काम सुरू झालं.

बंगळुरूला जी रात्र तिच्यावर अट म्हणून लादली होती, ती इथे दुसऱ्याने आपणहून पत्करली.

एका टेबलाचे असे दोन भाग करणं ऐकायला छान वाटतं. पण एन्झाइमवर काम करणाऱ्याला त्याची किंमत कळते. वनस्पतीचा तुकडा वाटून काढलेला अर्क थंड ठेवावा लागतो, आणि तरीही तासागणिक त्याचा जोर उतरत जातो. आजचं उद्यावर टाकता येत नाही, कारण उद्या ते तेच राहिलेलं नसतं. त्यात संध्याकाळी दुसरा माणूस त्याच टेबलाशी येऊन उभा राहणार. सकाळी हात लावला ते मावळतीच्या आत निकालापर्यंत न्यायचं, भांडी धुवायची, नोंद पुरी करायची आणि टेबल मोकळं द्यायचं. ज्याला हक्काचं टेबल मिळालं आहे त्याला ही सवय सहसा लागत नाही.

पुढे कमलाला डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करायला मिळालं. प्रकाशसंश्लेषणातली हिल अभिक्रिया ज्यांच्या नावाने पाठ्यपुस्तकात आहे, तेच हे. विषय होता वनस्पतींच्या पेशींचा श्वास. अन्नातून ऊर्जा काढताना पेशी इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देत अखेर ऑक्सिजनपर्यंत पोचवते, आणि या साखळीतला एक महत्त्वाचा हात म्हणजे सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन. डेव्हिड कीलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजमध्येच सायटोक्रोमचं काम पुढे आणलं होतं. कमलाने त्यासाठी घेतला बटाटा. गरिबाघरचा हा कंद प्रयोगशाळेत फार त्रास देतो. कापला की काळा पडतो, आणि ते काळं पडणं हे वेगळ्याच एन्झाइमचं काम असल्याने ऑक्सिजन नेमका कोण खातंय याचा घोटाळा होतो. तो गुंता सोडवत बटाट्याच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे आणि ऑक्सिजन वापरण्यात त्याचा वाटा आहे, असं तिने दाखवलं.

केंब्रिजला पाऊल ठेवल्यापासून प्रबंध देईपर्यंत अवघे चौदा महिने लागले. प्रबंध टंकलिखित चाळीस पानांचा. ज्या काळात पीएच.डी.चे प्रबंध शेकडो पानांचे असत, त्या काळात ही चाळीस पानं पुरली. कामाचा व्याप आणि कागदाचा व्याप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे परीक्षकांनी मान्य केलं, ही त्यांचीही समज म्हणायची. कमला भागवत यांना विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हटलं जातं. त्याच्या आठ वर्षं आधी, १९३१ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल अमेरिकेत मिशिगनहून डी.एस्सी. झाल्या होत्या. पहिलं कोण या वादात दोघींच्या कामाची चर्चा मात्र मागे पडते. हिल आणि भागवत यांचा उच्च वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा निबंध छापून आला तो १९५१ मध्ये. तोवर भागवत आडनाव मागे पडून चार वर्षं झाली होती.

मधला काळ धावपळीचा. १९३९ मध्ये भारतात परतून दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाची सूत्रं, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालकपद. १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि कमलाबाई मुंबईला आल्या. विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग उघडला होता. त्या तिथे प्राध्यापक झाल्या.

नव्या विभागात सगळंच तोकडं असतं. टेबलं मोजकी, विद्यार्थी दरवर्षी नवे, प्रत्येकाला ठरलेल्या मुदतीत पदवी हवी. शिक्षकासमोर दोन सोप्या वाटा असतात. प्रत्येकाला पुस्तकातला, उत्तर आधीच माहीत असलेला प्रयोग देऊन मोकळं व्हायचं, किंवा आपल्या संशोधनाची हमाली विद्यार्थ्यांकडून करून घ्यायची. कमलाबाईंनी असे प्रश्न निवडले, जे एकट्याला पेलणार नाहीत पण ज्यांचे तुकडे एकेका विद्यार्थ्याला पेलतील: कडधान्यं, तांदळाचं पीठ, नीरा, ताडगूळ. सगळं रोजच्या खाण्यातलं, बरंचसं गरिबाच्या खाण्यातलं. प्रत्येक तुकडा एखाद्या प्रबंधाएवढा आणि सगळे मिळून देशाच्या पोषणाच्या प्रश्नाएवढे.

त्यातला एक तुकडा वालाचा. वसईपासून डहाणूपर्यंत भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल घेतला जातो, आणि मोड आणून, सोलून केलेल्या बिरड्याची चव इथे कुणाला सांगावी लागत नाही. मोड आणा, सोला आणि नीट शिजवा, हा आजीचा आग्रह असतो, आणि त्यामागे रसायन आहे. कच्च्या वालात अशी प्रथिनं असतात जी आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला जखडून ठेवतात. कडधान्यात प्रथिनं भरपूर असूनही कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं तर ती अंगी लागत नाहीत. वाल आणि डबल बी या दोन्हींतून हे ट्रिप्सिन-रोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याचं काम कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्याने १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. मुंबईच्या एका महाविद्यालयीन प्रयोगशाळेतून वालाची गोष्ट तिथवर गेली.

ही तपासणी कशी होते हे पाहिलं की विद्यार्थ्याचा दिवस कुठे जातो ते कळतं. नळ्यांची रांग लावायची. प्रत्येकीत ट्रिप्सिन आणि दुधातलं केसीन. काहींत वालाचा अर्क कमी-जास्त प्रमाणात घालायचा, काहींत अजिबात नाही. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांच्या पाण्यात, ठरलेली मिनिटं ठेवून क्रिया थांबवायची आणि किती केसीन पचलं ते मोजायचं. एका नळीत मिनिटाचा फरक पडला की रांगेतली तुलना बिघडते. मध्येच उठून जाता येत नाही. आणि मग तेच सगळं भिजवलेल्या, मोड आलेल्या, उकडलेल्या वालावर. भिजवण्याने आणि मोडांनी थोडा फरक पडतो, खरं काम उष्णता करते. कुकरची शिट्टी चुकवू नये ती यासाठी.

दुसरा तुकडा नीरेचा, आणि तो तर घड्याळालाच बांधलेला. वसईच्या पट्ट्यातले ताड, माड आणि शिंदी कुणाला अपरिचित नाहीत. झाडाच्या कोवळ्या फुलोऱ्याला किंवा शेंड्याला चीर देऊन पाझरणारा रस म्हणजे नीरा. रात्रभर मडक्यात साठलेली नीरा पहाटे उतरवायची, कारण ऊन चढायच्या आत हवेतलं यीस्ट तिच्यातल्या साखरेला भिडतं. काही तासांत तिची ताडी होते, पुढे आंबट शिरका. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी दारूत धरली आणि नीरा वेगळी ठेवली. नीरा म्हणजे आंबणं रोखणाऱ्या भांड्यात धरलेला न आंबलेला रस, अशी तिची व्याख्याच आहे. मडक्याला आतून चुन्याचा हात देतात तो यासाठी. ताडाच्या झाडावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने गुन्हा आणि धंदा यांच्यात असं काही तासांचं अंतर पडलं.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तो दहा-बारा वर्षं चालला, एकामागून एक विद्यार्थी त्यात हात घालत गेला. पहाटेची नीरा दुपारच्या तासापर्यंत थांबत नाही. तिच्यातलं व्हिटॅमिन सी मोजायचं तर प्रयोगशाळेच्या सोयीने चालत नाही, तिच्या चालीने दिवस लावावा लागतो. नीरेत व्हिटॅमिन सी आणि लोह चांगल्या प्रमाणात आहे, आणि नीरा आटवून काकवी आणि ताडगूळ केल्यावरही पोषक द्रव्यं बऱ्याच अंशी टिकतात, असं या कामातून पुढे आलं. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृती सुधारल्याचंही दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळालं. जव्हार-मोखाड्याचं कुपोषण आजही बातम्यांत येतं, त्यामुळे पालघर जिल्ह्याला हा विषय जुना वाटायचं कारण नाही. मात्र नीरा हे पूर्ण अन्न नव्हे. तिच्यात साखरही भरपूर असते, आणि मधुमेह असणाऱ्यांनी ती आरोग्यपेय समजून पेल्यावर पेले रिचवू नये.

याच वर्षांत आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला मिळत होता. शहरात पोचेपर्यंत दूध नासू नये, हा तिथला प्रश्न. विज्ञान संस्थेचं संचालकपद त्यांच्याकडे यायला चार वर्षं उशीर झाला. पात्रतेची अडचण नव्हती, अडचण अंतर्गत राजकारणाची होती. शेवटी ते आलं.

१९६६ मध्ये मुंबईतल्या नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली. त्यांत कमलाबाई होत्या, आणि पुढे त्या तिच्या अध्यक्षही झाल्या. भेसळ, वजनमाप, खाण्याच्या वस्तूंची सुरक्षितता या विषयांवर त्या संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत. निवृत्तीनंतर त्यांना टेबल लागेनासं झालं होतं; हळदीतला रंग आणि दुधातलं पाणी ओळखायला स्वयंपाकघराचा ओटा पुरतो.

नव्वदच्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना दिल्लीला बोलावून त्यांचा सत्कार केला. पुढाकार होता परिषदेच्या महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांचा. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. १९९८ मध्ये कमलाबाईंचं निधन झालं.